बोकडाचा वकील

रशीद टेलरच्या मशीनखाली कातरण साचतं ना, तसे आमच्या दिग्याचे किस्से साचलेत. रशीद झाडू मारत नाय आणि मी काय विसरत नाय, म्हणून दोन्ही ढीग शाबूत! पुंडलिकनगरात त्याच्या दुकानी आमची बैठक. दिग्या म्हणजे दिगंबर, माझ्या पाचोडचा लंगोटीयार. मी सातवीतच शाळेला रामराम केला, तो शिकून फौजेत वकील झाला. आता सरकारी साहेबलोकांच्या चौकशा करणाऱ्या खात्याचा सगळ्यात मोठा साहेब हाय. माझ्यासाठी दिग्याच!

*

फौजेतून पहिल्या सुट्टीला आला, तवा मी विचारलं, "किती दुश्मन पाडले?"

"एकबी नाय. आपलाच एक जवान वाचवला. कोर्ट मार्शलमधी."

त्याच सुट्टीत माझ्या बोकडानं त्याच्या आईची मेथी फस्त केली. काकू काठी घेऊन निघाल्या, तर हा आडवा! "आई, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे!" आणि स्वतःच उभा राहिला की बोकडाकडून! कुंपण मोडकं, राखण नाय, म्हणून आरोपी निर्दोष!

"व्हय का? मग जेव त्या बोकडाच्याच घरी!"

जेवला. सुट्टी संपेस्तोवर माझ्याकडंच!

*

मोठ्या खुर्चीवर बसायच्या आधी कोट घेऊन रशीदकडं आला. "भाई, आतला खिसा शिवून बंद करून टाक."

"साहब, उसी में तो बरकत है!"

"म्हणूनच!"

रशीदनं शिवला. पण शिवायच्या आधी मी आत लिमलेटची गोळी सारली होती. दिल्लीत पहिल्याच मीटिंगला साहेबांच्या कोटातून मुंग्यांची लाईन!

*

एकदा मी आवाज बदलून दिग्याला फोन लावला. "साहेब, मोसंबीची पेटी पाठवतो. आमची फाईल तेवढी…"

"नाव?"

"रशीद टेलर!"

"रशीदभाईला सांग, पेटी नको. आणि तू कवळी नीट बसवून बोलत जा, शिट्टी वाजती!"

*

यंदा हुरड्याला मात्र लई पंचाईत झाली. दर हिवाळ्यात पाचोडला माझ्या शेतात आगटी पेटते आणि पहिलं कणीस दिग्या चोळतो. पोस्टिंग कुठंबी असो, गडी चुकला नाय. यंदा फोन आला, "तुझ्या सरकारी नोकरीतल्या पुतण्याविरुद्ध आमच्या ऑफिसात तक्रार आलीय. घरोबा हाय म्हणून केस मी दुसऱ्याकडं दिली. पण निकाल लागेस्तोवर तुझा दाणाबी खाणार नाय."

"पुतण्या गेला खड्ड्यात, तू ये!"

फोन कट!

आगटी पेटली, पण गोडी नाय. रशीद कणसं चोळत बसला. तेवढ्यात बांधापलीकडं, सडकेच्या कडंला धूर! बघतो तर दिग्या! बाजारातून विकत आणलेली कणसं, स्वतःच्या गोवऱ्या, स्वतःची चटणी, आणि पठ्ठ्या उकिडवा बसलेला! मधी बांध. इकडून आम्ही वरडतोय, तिकडून तो.

तेवढ्यात आमचा बोकड, त्या मेथीवाल्याचा पणतू, टुणकन बांध ओलांडून गेला आणि साहेबांची कणसं हाणायला लागला!

मी हाळी दिली, "साहेब, आरोपीला वकील पाहिजे!"

बोकडाच्या तोंडातून कणीस ओढत दिग्या वरडला, "मला ही केस चालवता येणार नाय! घरोबा हाय!"