सर्वानुमते दाढ

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. मागं हेच सांगत होते, तर ऐन मोक्याला आमच्या नणंदेच्या नाकात चहा गेला. तेव्हापासून मी कप खाली ठेवल्याशिवाय सुरुवातच करत नाही.

आता काय सांगू तुम्हाला, माणूस चुकतो हो! त्यात काय एवढं? पण माणूस एकटा चुकतो, गुपचूप चुकतो. मी मात्र रीतसर सभा बोलावून, कोरम पूर्ण करून, सूचक-अनुमोदकाच्या नावासह चुकले. लेखी पुरावा आहे त्याचा!

आमचं गाव शिरूर कासारच्या अलीकडं. साल दुष्काळाचं. विहिरी कोरड्याठाक, गुरं छावणीत, आणि आमचे हे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, म्हणजे घरी कधी येतील ते त्या टँकरलाच ठाऊक. घरात आम्ही दोघंच. मी आणि माझे धाकटे दीर, नाना. मी त्यांना भाऊजी म्हणते. तिशीचे आहेत. जन्मापासून त्यांची समज वेगळी. बोलणं पाच-सहा शब्दांत उरकतात. अनोळखी माणसानं अंगाला हात लावला की घाबरून दार गाठतात.

पण कामाला? अहो, गावातल्या महिला दूध संस्थेची मी सेक्रेटरी, पण पहाटे संस्थेच्या दारात माझ्याआधी भाऊजी उभे! कॅन धुणार, झाकणं लावणार, रांगेवर लक्ष ठेवणार. एखादी बाई मधेच घुसली की तिचा दंड धरायचा आणि शेवटी नेऊन उभी करायची. आमच्या चेअरमन गंगूआक्का, त्यांनाही सोडलं नाही एकदा. आक्का त्या दिवशी मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या!

अशा माणसानं एकाएकी भाकरी सोडली.

घास तोंडात घातला की डावा गाल धरायचे आणि डोळ्यांत पाणी. दूध प्यायचे, पातळ वरण प्यायचे, बास. पंधरा दिवसांत शर्ट अंगावर लोंबायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं, तर त्यांनी नुसती हनुवटी धरली आणि भाऊजी एक चप्पल तिथंच टाकून थेट एसटी स्टँडवर! मला रडू यायचं हो. दुखतंय हे दिसतंय, पण काय करावं ते कळत नाही.

मग कुणीतरी सांगितलं, बीडला एका दवाखान्यात महिन्यातून एक दिवस अशाच माणसांना तपासतात. घाई करत नाहीत, वेगवेगळे डॉक्टर एकाच ठिकाणी बसतात. मी लगेच फोन लावला. तिथल्या सिस्टर फार गोड बोलल्या.

"ताई, तयारी करून आणा बरं का. इथं काय काय होणार ते घरी आधी करून दाखवायचं. खुर्चीवर बसणं, बॅटरी, तोंड उघडणं, सगळं. त्रास कधीपासून, काय खातात, ते लिहून आणा. आणि कुठल्या डॉक्टरांचा नंबर लावू? दुखतंय काय नेमकं?"

"कळवते," मी म्हटलं.

आता सेक्रेटरी माणूस मी. एवढा मोठा विषय, सभेशिवाय कसा कळवणार?

दुसऱ्या दिवशी दूध गेल्यावर तातडीची सभा लावली. आठ जणी हजर. विषय क्रमांक एक: नाना यांना काय दुखते याबाबत विचारविनिमय करणे.

गंगूआक्का म्हणाल्या, "इचार कसला करायचा? दाढ हाय ती. माझी लई ठणकत व्हती अशीच. लवंग झाली, तंबाखू झाली. उपटली तवा सुटले!"

रेशमाआपा म्हणजे मोटारसायकलवाल्या सलीमभाईंच्या घरच्या, एका म्हशीच्या मालकीण आणि आमच्या खजिनदार. त्या म्हणाल्या, "गाल धरतेत ना? मग दुसरं काय असणार? दाढच."

कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "नजर लागलीय पोराला." तिला एकही मत पडलं नाही. आम्ही काय अडाणी आहोत का?

झालं! सूचक गंगूआक्का, अनुमोदक रेशमाआपा. 'दुखणे दाढेचे आहे,' ठराव सर्वानुमते मंजूर. मी प्रोसिडिंग बुकात लिहिलं, आठ सह्या-अंगठे घेतले, आणि सिस्टरांना फोन केला. "दाताच्या डॉक्टरांचा नंबर लावा!"

भाऊजी तिथंच होते बरं का, दारात, उपड्या कॅनवर बसलेले. त्यांना विचारावं असं एकीलाही वाटलं नाही. ते सभासद कुठं होते?

मग सुरू झाली तालीम. तारखेला आठ दिवस होते, आणि माझ्या अंगात असा उत्साह संचारला की विचारू नका. चेअरमनची खुर्ची पशुखाद्याच्या पोत्यांना टेकवून मागं कलती केली, ती दाताच्या डॉक्टरची खुर्ची. यांचा पांढरा शर्ट उलटा घालून मी डॉक्टर. आपांच्या हातात बॅटरी. आक्का दारात उभ्या राहून नंबर पुकारणार. बाकीच्या बाया बाकावर पेशंट म्हणून बसल्या, आणि त्यातल्या दोघी तर खरंच कण्हायला लागल्या! एवढं गांभीर्य मी वार्षिक सभेतही पाहिलं नव्हतं.

"नंबर एक! नानासाहेब!" आक्का ओरडायच्या.

भाऊजी ऐटीत यायचे, खुर्चीत बसायचे. "आ करा," मी म्हणायचे. आणि असा आ करायचे की पार पडजीभ दिसावी! मी चमचा फिरवायचे, आपा उजेड पाडायच्या, आणि शेवटी सगळ्या मिळून टाळ्या. टाळ्या वाजल्या की भाऊजींचा चेहरा नुसता फुलायचा. तिसऱ्या दिवशी गावातली माणसं खिडकीतून बघायला यायला लागली. करमणूक तरी दुसरी काय होती त्या साली?

एकच अडचण होती. आ करून झाला की भाऊजी मान उजवीकडं वळवायचे आणि माझा हात धरून आपल्या डाव्या कानाकडं न्यायचे.

"भाऊजी, सरळ बघा," मी म्हणायचे. मान पुन्हा वळली की म्हणायचे, "असं नाही करायचं, डॉक्टर रागावतील." चौथ्या दिवसापासून तर आपा मागं उभ्या राहून डोकं धरायच्या.

बघा, तुमच्या आत्ताच लक्षात आलं ना? तुम्ही हसताय. आम्ही आठ जणी आठ दिवस ती मान सरळ करत होतो!

तारखेच्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून आम्ही चौघं बीडला निघालो. भाऊजी, मी, आक्का आणि आपा. दवाखान्यात आत दाताच्या डॉक्टरबाई, तरुणच होत्या. मी प्रोसिडिंग बुक त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी पानं उलटली. "विषय क्रमांक एक... सूचक... हे काय आहे ताई?"

"पेशंटची माहिती आहे, मॅडम. सर्वानुमते."

त्यांनी बुक मिटून बाजूला ठेवलं. कुणी 'बसा' म्हणायच्या आतच भाऊजी खुर्चीत जाऊन बसले आणि आ! डॉक्टरबाई थक्क. म्हणाल्या, "इतका छान पेशंट मी महिन्यात पाहिला नाही." मला तर आकाश ठेंगणं झालं. पण तपासून झालं तरी भाऊजी तोंड मिटेनात. इकडं बघतात, तिकडं बघतात. माझ्या लक्षात आलं. मी टाळ्या वाजवल्या, दारातून आक्का-आपांनी वाजवल्या, आणि बाहेरच्या रांगेला वाटलं कुणीतरी बरं झालं, तर अख्ख्या रांगेनं वाजवल्या!

"दात उत्तम आहेत यांचे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकही किडलेला नाही."

"असं कसं? मागची बघा ना."

"मागचीच बघितली."

"मग तिच्या शेजारची?"

"तीही चांगली आहे. हिरड्याही चांगल्या आहेत."

"मॅडम, जरा नीट बघा हो. आठ सह्या आहेत!"

दारातून आक्का ओरडल्या, "बघायचं काय त्यात? उपटून टाका, म्हंजी सुटंल लेकरू!"

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "काढाच. कुठं सही करायची ते सांगा." पेनाचं टोपण काढलं हो मी! त्या बाईंच्या जागी कुणी घायकुतीला आलेला डॉक्टर असता, तर भाऊजींची धडधाकट दाढ माझ्या सहीनं गेली असती. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

डॉक्टरबाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. स्टूल ओढलं आणि भाऊजींच्या समोर बसल्या. अंगाला हात लावला नाही, काही नाही.

"नाना, तुम्ही सांगा. कुठं दुखतंय?"

"त्यांना नाही सांगता येत," मी म्हटलं. "मी सांगते ना."

"ताई, दोन मिनिटं गप्प राहा."

"अहो, पण ते..."

"दोनच मिनिटं."

मी तोंड मिटलं. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, आपांकडं पाहिलं, आपलं डोकं कुणी धरत नाही याची खात्री केली. मग मान उजवीकडं वळवली, डॉक्टरबाईंचं बोट धरलं आणि डाव्या कानापाशी नेऊन टेकवलं.

"हितं," म्हणाले. "वैनी बघत न्हाई."

काय वाटलं असेल मला? आठ दिवस माणूस ओरडून सांगत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. जमीन दुभंगावी आणि प्रोसिडिंग बुकासकट मी आत जावं, असं झालं.

डॉक्टरबाईंनी शेजारच्या खोलीतून कानाच्या डॉक्टरांना बोलावलं. ते चिमट्यासारखं काहीतरी घेऊन आले मात्र, माझ्यातली सेक्रेटरी परत जागी झाली. मी आडवीच गेले. "थांबा! कानाची तालीम झालेली नाही! आठ दिवसांची मुदत द्या!"

पण भाऊजींनी टेबलावर कधीच डोकं टेकलं होतं, डावा कान वर करून. हलले नाहीत, की दाराकडं पाहिलं नाही. डॉक्टरांनी आत बॅटरी मारली, हळूच काहीतरी ओढलं आणि ट्रेमध्ये टाकलं. टक्कन आवाज झाला.

ज्वारीचा दाणा! चांगला टपोरा, फुगलेला!

आपा म्हणाल्या, "या अल्ला!" आक्का तर ट्रेवर वाकूनच राहिल्या. "अगं सुनंदे, औंदा सबंद शिवारात एक दाणा पिकला न्हाई, आन् ह्याच्या कानात पीक आलंय!"

दुपारी भाऊजी छावणीत जनावरांपाशी जातात, तिथं कडब्याच्या पेंढीवर डोकं टेकून झोपतात. कणसात राहिलेला एखादा दाणा गेला आत. कान सुजला, म्हणून जबडा हलवला की कळ यायची. एवढंच. डॉक्टरांनी कानात घालायचं औषध दिलं, आणि दवाखान्याच्या पायरीवरच भाऊजींनी भाकरीचं फडकं सोडायला लावलं. तीन भाकरी खाल्ल्या हो, लागोपाठ! तिसरी तर आक्कांच्या वाटणीची होती. मी पायरीवर बसून ढसाढसा रडले, आणि आपा मला पाणी पाजत होत्या.

निघताना डॉक्टरबाई भाऊजींना म्हणाल्या, "नाना, पुढच्या महिन्यात कान दाखवायला या. तुमची तयारी अगदी छान होती. येताना वहिनींचीही तेवढी करून आणा."

आम्ही सगळ्या हसलो. चेष्टाच वाटली मला.

पण भाऊजी कामाच्या बाबतीत चेष्टा करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध गेल्यावर त्यांनी चेअरमनची खुर्ची पोत्यांना टेकवली. माझा दंड धरला आणि मला बसवलं. समोर स्टूल घेतलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"गप."

"अहो भाऊजी, मला रजिस्टर..."

"गप. दोन मिंटं."

आपांनी मोबाइलमध्ये वेळ लावली. खिडकीत माणसं जमली. किती टिकले असेन मी? चाळीस सेकंद! चाळीसाव्या सेकंदाला म्हटलं, "झाली का दोन मिनिटं?"

महिनाभर रोज हा कार्यक्रम. कधी मला आक्कांना काहीतरी आठवण करून द्यायची असायची, कधी मांजर दिसायचं, कधी नुसताच जीव कासावीस व्हायचा. सव्वा मिनिटाच्या पुढं एकदाही गेले नाही.

मग तारीख उजाडली. मी नवी साडी नेसले, भाऊजींचे कागद पिशवीत घातले आणि टेम्पोपाशी गेले. भाऊजी आधीच पोचले होते. त्यांनी आपांना हात देऊन वर चढवलं, आक्कांना चढवलं, स्वतः चढले. मी पाय उचलला, तर त्यांनी पिशवी तेवढी माझ्या हातातून काढून घेतली आणि टेम्पोची मागची फळी लावून टाकली. मग माझ्या खांद्यावर थोपटत, अगदी मायेनं म्हणाले,

"वैनी... फुडच्या म्हयन्यात."