क्लेम पिलिंगची पितळी खाट

क्लेम पिलिंग आठवडाभर कापडगिरणीत माग चालवायचा आणि शनिवारी दुपारी धावायचा. इंग्लंडातल्या लँकशरमधल्या त्या गावात शंभर यार्डांत त्याला गाठणारा माणूस नव्हता. बक्षीस म्हणून मिळायचं घड्याळ. हौशी धावपटूने पैशाला हात लावला की तो बाटला, असं शर्यती भरवणाऱ्या संघाच्या साहेबलोकांचं मत. मिळालेलं घड्याळ विकलं तरी जन्माची बंदी. ज्यांच्या घरी चूल कधी थंड पडली नाही, ते दुसऱ्याला निर्लोभीपणा फार सुरेख शिकवतात. परिणामी क्लेमच्या खोलीत घड्याळांना जागा पुरेना आणि तो स्वतः जमिनीवर निजे.

त्यापायीच त्याचं लग्न अडलं होतं. अ‍ॅडा शोरॉक शेजारच्या मागावर कामाला. दोघांचं जमलेलं, पण तिची आई आडवी आली.

"माझी पोर जमिनीवर निजणार नाही. आधी खाट आण, मग ने तिला. आणि पुन्हा घड्याळ घेऊन आलास तर दारात उभं करणार नाही!"

त्या वर्षी जत्रेतल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस गिरणीमालकांनी दिलं. मोठ्या मनाचा माणूस. संगमरवरी घड्याळ दिलं. दुसरं बक्षीस फर्निचरवाल्याचं: पितळी कठड्यांची, दोघांची खाट.

"दुसरा ये," अ‍ॅडा म्हणाली. "बाकी डोकं चालवू नकोस, तुला सवय नाही."

क्लेम आला दुसरा. फितीजवळ त्याने पाय आखडते घेतले आणि खाटकाचा जॉब टॅटर्सल जन्मात पहिल्यांदा जिंकला. जॉब काही गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

"संपला रे पिलिंग! म्हातारा झाला बिचारा!"

तेवढ्यात संघाचे सेक्रेटरी फॅनशॉसाहेब आले. "पिलिंग, मुद्दाम हरलास का? तसं असेल तर खाटही नाही आणि पुन्हा धावणंही नाही."

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण क्लेमचं डोकं फिरलं होतं.

"ह्या जॉबला मी लंगडी घालत हरवीन, साहेब! मी थांबलो म्हणून..."

"थापा मारतोय!" गर्दीतून अ‍ॅडा पुढे घुसली. "हरला की असंच बरळतो. एवढंच पळता येतं त्याला, साहेब. हल्ली जिना चढला तरी धापा टाकतो."

लोक पोट धरून हसले. क्लेमने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. गावात सगळ्यांत जोरात धावणारा, एवढं एकच नाव क्लेमने कमावलं होतं, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

"खरं का हे, पिलिंग?"

"खरं आहे, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "जॉब माझ्याहून जोरात पळतो."

खाट हातगाडीवर चढली. क्लेम खाली मान घालून ढकलत होता, मागून पोरं हुर्यो करत होती. अ‍ॅडाने दुसऱ्या बाजूने हात लावला.

"रागावलास?"

"हो."

"राग नंतर काढ. चढ आलाय, ढकल."