साकवाचं दुखरं टोक

जगातले बहुतेक पूल आपल्याला न विचारता बांधले गेले, ही माझ्या आतेसासूबाईंची आयुष्यातली एकमेव तक्रार आहे. बाकी कशाबद्दलही त्या कुरकुर करत नाहीत. लग्न केलं नाही याबद्दल नाही, गुडघ्यांबद्दल नाही, रत्नागिरीच्या उकाड्याबद्दल तर नाहीच. पण पूल दिसला की त्या थांबतात, मान तिरकी करतात आणि घरातल्या पोराने परस्पर लग्न उरकून यावं तशा चेहऱ्याने त्याच्याकडे बघत राहतात. त्या माझ्या बायकोच्या आत्या, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणतो. तीसएक वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनात मुलांना एकच विषय शिकवला. तुळईवरून किंवा पुलावरून ओझं सरकत जातं, तेव्हा त्या तुळईच्या पोटात काय काय होतं, हा तो विषय. आत्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, विषय मात्र अजून कामावर आहे.

आमचं लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पोहे मिळतील एवढ्याच अपेक्षेने गेलो होतो. पोहे मिळाले, पण नंतर. आधी त्यांनी मला चपला काढून एका फळीवरून चालायला लावलं. दिवाणखान्यात एक लांब फळी मांडलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांखाली माणसं वजन करतात तसले दोन काटे होते. मी एकेक पाऊल टाकत होतो. एका काट्याशी माझी होणारी बायको आणि दुसऱ्याशी माझा होणारा मेहुणा उकिडवे बसून आकडे वाचत होते. मी पुढे सरकलो की मागचा काटा उतरायचा आणि पुढचा चढायचा. मधोमध आलो तेव्हा दोघांचे आकडे सारखे झाले आणि आत्यांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की ते मीच घडवून आणलंय असं क्षणभर मलाही वाटलं. पुढे कळलं, की घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या फळीवरून जावं लागतं. गॅसवालाही सुटलेला नाही.

त्यांची विचार करायची पद्धतच वेगळी. तुम्ही-आम्ही गाडी एका जागी उभी आहे असं धरतो आणि सगळ्या पुलाकडे बघतो. आत्या पुलावरची एकच जागा निवडतात, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात आणि त्या जागेला विचारत राहतात. गाडी इथे आली, आता तुला किती झेपतंय? आणि इथे आली, आता? मिळालेल्या उत्तरांची मिळून एक रेघ होते, तिला प्रभावरेषा म्हणतात. गर्भार बाईची चौकशी करावी इतक्या मायेने त्या ही चौकशी करतात. एकदा रिक्षातून बाजारात जाताना पुढे वाहनं तुंबली आणि सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक एका लहानशा मोरीवर अडकून उभा राहिला. आत्या रिक्षातून उतरल्या, ट्रकच्या दाराशी गेल्या आणि ड्रायव्हरला सांगून आल्या, की बाबा, थांबायचंच असेल तर दहा फूट पुढे जाऊन थांब, तिला बरं वाटेल. ड्रायव्हरने मोरीवर कोण बाई आहे म्हणून वाकून पाहिलं.

घरात तर विचारायची सोय नाही. त्यांच्या मांडणीवर जड वस्तू दोन्ही कडांना, भिंतीतल्या आधारांजवळ असतात आणि हलक्या मध्ये. त्यामुळे शब्दकोशाशेजारी मिठाची बरणी आणि लोणच्याशेजारी भगवद्गीता अशी संगत जमते, आणि मधल्या जागेत पापड असतात. आमच्या लग्नात फोटोग्राफरने पंचवीस-तीस माणसं व्यासपीठाच्या पुढच्या कडेला दाटीने उभी केली, तेव्हा आत्या शालू सावरत वर चढल्या आणि त्यांनी माणसं लांब लांब वाटून दिली. आमच्या लग्नाचे फोटो आजही कुणी पाहिले, तर दोन्हीकडच्या मंडळींचं जोरदार भांडण झालं असावं असं वाटतं.

या सगळ्याला आम्ही हसत आलो. मेहुणा सर्वांत जास्त हसायचा, कारण तो आत्यांचा सर्वांत लाडका. त्याला त्यांनीच वाढवला म्हटलं तरी चालेल. शाळेसाठी तो रत्नागिरीला त्यांच्याकडेच राहिला होता. पण गेल्या वर्षी हे हसणं अडलं. हातखंब्याहून आत गेल्यावर आमच्या सासऱ्यांची वाडी लागते. तिथे पऱ्ह्यापलीकडच्या जागेत मेहुण्याने घर बांधायला काढलं. पऱ्ह्या म्हणजे आमच्याकडचा ओढा, पावसाळ्यात अंगावर येणारा आणि उन्हाळ्यात नुसता दगडगोट्यांचा. त्यावर जुना साकव आहे, म्हणजे दोन तुळया आणि वर स्लॅब घातलेला छोटा पूल. मे महिना निम्मा सरला होता, पाऊस तोंडावर होता आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा पहिला ट्रक त्या दिवशी सकाळी येणार होता. मेहुण्याने हौसेने आत्यांना बोलावलं. मी आणि बायको त्यांना घेऊन गेलो.

ट्रक साकवाच्या तोंडाशी आला होता. आत्या गाडीतून उतरल्या आणि थेट छत्री टेकत कोरड्या पऱ्ह्यात उतरल्या. दहा मिनिटांनी वर आल्या तेव्हा पदराला काटे लागलेले होते. त्यांनी ट्रक थांबवायला सांगितलं. हा साकव भरलेला ट्रक घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

वाडीतली सात-आठ माणसं जमली होती. त्यांनी लगेच परीक्षा घेतली. सगळे साकवाच्या मधोमध गेले आणि उड्या मारायला लागले. साकव जरासुद्धा लवला नाही. मेहुणा म्हणाला, बघ आत्या, हलला तरी का? आत्यांनी त्याला खाली नेलं, मागोमाग मीही गेलो. रस्त्याकडच्या टोकाला, जिथे तुळई भिंतीवर टेकते, तिथून जवळच एक चीर तिरकी वर गेली होती. हे टोक दुखरं आहे, आत्या म्हणाल्या. पूल मध्येच मोडतो असं सगळ्यांना वाटतं, कारण सिनेमात तो मध्ये मोडतो. पण ट्रकचं खरं ओझं मागच्या चाकांवर. पुढची चाकं साकवावर गेली आणि मागची नुकती चढली, की या टोकावर सगळ्यात जास्त भार येतो. मधोमध उड्या मारून त्याचं दुखणं कळायचं नाही.

मेहुण्याला ते पटत नव्हतं असं नाही, पण त्याच्यापुढे गवंडी उभे होते, पावसाचे ढग उभे होते आणि चिरे डोक्यावरून वाहायचे तर पंधरा दिवस गेले असते. तो सर्वांदेखत म्हणाला, "आत्या, तुझं सगळं कागदावरचं. आम्हाला इथे राहायचंय."

आत्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि साकवाच्या तोंडाशी, बरोबर ट्रकसमोर, छत्री उघडून बसल्या. मेहुणा पाठ फिरवून आंब्याखाली जाऊन बसला. माझी बायको दोन्ही छावण्यांना कोकम सरबत पोचवत राहिली. मी मध्ये उभा होतो. जावयाने अशा वेळी काय करावं हे कुणी शिकवून ठेवलेलं नसतं.

या वेळात आत्यांनी ड्रायव्हरला खाली बोलावलं. पुढच्या चाकांपासून मागची चाकं किती लांब, एका खेपेला चिरे किती, गाडी रिकामी किती भरते, सगळं त्यांनी त्याला विचारलं. त्या सकाळी त्याला कुणीतरी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. तो खूश होऊन सांगत सुटला. आत्यांनी छत्रीने चाकांमधलं अंतर मोजलं, मग साकव मोजला, आणि वर्तमानपत्राच्या कडेला बारीक अक्षरात आकडेमोड केली. मग मेहुण्याला हाक न मारता, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, ड्रायव्हरला सांगितलं, की अर्धे चिरे इथे उतरव आणि उरलेले घेऊन साकवावर गाडी उलटी घाल.

कुणालाच काही कळेना. आत्या शांतपणे समजावत होत्या. उलटी घातली, की जड चाकं आधी चढतात, तेव्हा पुढची हलकी चाकं अजून रस्त्यावरच असतात. मागून हलकी चाकं या टोकावर येतील, तोवर जड चाकं पलीकडे सरकलेली असतील. म्हणजे दोन्ही ओझी एकदम या टोकावर यायची नाहीत. जो काही जोर यायचा तो पलीकडच्या टोकावर, आणि ते धडधाकट आहे. वाडीतली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. ड्रायव्हरला मात्र बरोबर समजलं. "म्हंजे दुखरा पाय हळू टेकायचा," तो म्हणाला. तीस वर्षांत एका वाक्यात इतकं चांगलं उत्तर कुठल्या मुलाने दिलं नव्हतं, असं आत्या आजही सांगतात.

बायकांच्या पर्समध्ये पिना, रुमाल असं काहीबाही असतं. आत्यांच्या पर्समधून खडू निघाला आणि काचेच्या दोन पातळ पट्ट्या निघाल्या. त्यांनी एक पट्टी त्या तिरक्या चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना गवंड्यांकडून मागून घेतलेली लांबी, म्हणजे पुट्टी, लावून चिकटवली. चीर केसभर जरी रुंदावली तरी काच तडकणार. लांबी सुकेपर्यंत सगळ्यांची जेवणं झाली. मेहुणा जेवायला पंगतीत बसला, पण आत्यांपासून चार पानं सोडून.

दुपारी अर्धा भरलेला ट्रक साकवाकडे पाठ करून उभा राहिला. आत्या पऱ्ह्यात उतरल्या आणि त्या काचेसमोर, जरा बाजूला, उभ्या राहिल्या. आता मात्र मेहुण्याला राहवेना. काठावरून तो म्हणाला, "आत्या, वर ये. पडला तर?"

"पडणार असेल तर मला आधी कळायला नको?" त्या म्हणाल्या आणि काचेवरची नजर त्यांनी काढली नाही.

तो क्षणभर घुटमळला, मग उतरला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. ऊन फार होतं. त्याने त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि त्यांच्या डोक्यावर धरली. वर ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर वाकून गाडी इंच इंच मागे घेत होता. मागची चाकं चढली. साकवातून एक दबका आवाज आला आणि माती भुरभुरली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पुढची चाकंही त्या टोकावरून पलीकडे गेली होती आणि आत्या चष्मा पुसत होत्या. काच शाबूत होती.

पुढचे काही दिवस तो ट्रक उलटाच जात राहिला. वाटेने जाणाऱ्या एका म्हातारबाबांनी थांबून मला विचारलं, की हा नवस कुठल्या देवाचा. मी त्यांना प्रभावरेषा समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी लांबूनच हात जोडले. प्रत्येक खेपेला आत्या खाली, आणि छत्री धरून मेहुणा शेजारी. पाऊस यायच्या आत चिरे पोचले. काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच वाडीत ठरलं, की आत्यांनी उगाच घाबरवलं, साकव चांगला खमक्या होता. वास्तुशांतीला तर उलट्या ट्रकाची नक्कल करून दाखवण्यात आली. सगळ्यांत जास्त आत्या हसल्या. परत येताना मी त्यांना विचारलं, की वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "आमचं काम नीट झालं की ते दिसतच नाही, जावईबुवा. सवय आहे."

आत्यांनी वर्षभर सरकारदरबारी केलेल्या अर्जांमुळे म्हणा की कशामुळे म्हणा, यंदा तिथे नवा साकव मंजूर झाला आणि जुना पाडायला घेतला. त्या दिवशी मी आत्यांकडेच होतो. मेहुण्याचा आत्यांना फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. रस्त्याकडचं टोक घणाच्या दोन घावांत खाली आलं, एवढंच त्याने सांगितलं. आत्यांनी विचारलं, मधल्या भागाला किती घाव लागले? तो अजून फुटतोच आहे, संध्याकाळ होईल बहुतेक, तो म्हणाला.

मला वाटलं, आता तरी त्या म्हणतील, बघ, मी सांगत होते. फोन ठेवून त्या गॅलरीत गेल्या. मी चहा घेऊन गेलो, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "तसा दुखत असून सगळे चिरे पोचवून दिलेन हो त्याने," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाडीला न्यायला लावलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. दोन्ही काठांवर उघड्या पडलेल्या दोन भिंती होत्या आणि मध्ये रिकामी जागा. पलीकडे मेहुण्याचं नवं लाल चिऱ्यांचं घर दिसत होतं. मेहुणा पऱ्ह्यातून चालत अलीकडे आला आणि आत्यांच्या शेजारी उभा राहिला. आत्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, गुडघ्यांसाठी घेतला असं म्हणायला हरकत नाही, आणि दोघं त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.