उताणी मेंढी

रूबेन टकेट बोलायला लागला की समोरच्याचा चहा निवायचा, पण गोष्ट संपायची नाही. कोम्बरी गावात त्याने जन्मभर शाळेची बस चालवली आणि मुलांना हसवलं. बायको हेस्टर मात्र मुलखाची अबोल. पानगळीच्या दिवसांत रूबेनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जिभेवर एकच शब्द उरला, 'बरं'. मग घरात बोलायचं काम हेस्टरवर येऊन पडलं.

मे महिन्यात काटेरी कुंपणं पांढऱ्या फुलांनी लगडली, तशी एका सकाळी तिने त्याच्या पायात बूट चढवले.

शेजारची डल्सी ओरडली, "अगं, त्याला वर रिजवेवर नेतेस? मध्येच बसला तर?"

"तुला हाक मारीन."

रिजवे म्हणजे डोंगरमाथ्यावरची जुनी, खडूमातीची पांढरी वाट, दोघांच्या पायाखालची. काठी टेकत रूबेन सावकाश चालला. वर चंडोल गात होते.

"लग्नाआधी इथेच तू मला पहिल्यांदा..."

"बरंऽ!" रूबेन असा काही म्हणाला, की म्हातारी लाजली.

पुढच्या वळणावर गवतात एक मेंढी उताणी पडली होती. लोकरीच्या भाराने तिला उलटता येईना. चारी पाय वर, पोट फुगलेलं. आसपास चिटपाखरू नाही. हेस्टरने जोर लावला, पण मेंढी हलेना. तेवढ्यात रूबेनने काठी टाकली, गुडघे टेकले आणि डाव्या मुठीत लोकर धरली.

"ओढ!" हेस्टर म्हणाली.

मेंढी उलटली. तिच्या पायांत बळ येईपर्यंत हेस्टरने तिला गुडघ्यांत धरून ठेवलं. सुटल्यावर ती रूबेनच्या बुटावर मुतली आणि चालू पडली.

रूबेन बुटाकडे बघत राहिला. मग खणखणीत म्हणाला, "हरामखोर!"

हेस्टर हसता हसता खालीच बसली आणि रडू लागली. "आता माझं नाव घे."

त्याने ओठ जुळवले, घाम फुटला. "हे... हे..."

"राहू दे रे. पोचलं मला."

त्या वसंतात ती दोघं रोज वर गेली. गोष्टी काही परतल्या नाहीत, शब्द मात्र एकेक करून आले. गवतकापणीच्या सुमारास हेस्टर भांडी घासत असताना पाठीमागून हळूच आवाज आला, "हेस्टर."

तो पुन्हा म्हणेल, या आशेने तिने ऐकूच न आल्यासारखं केलं.