नवरदेवाची गादी

नात गार पडत चालली होती आणि घरात कोरडी म्हणून एक चिंधी उरली नव्हती. दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेली पोर, वीतभर. नदीचं पाणी घरात शिरलं ते सरळ खाटेवर चढलं, दारातली शेळी दिसेनाशी झाली. सून तिला पदराखाली घेऊन उभी, आणि पदरही ओला. दर्यापूरचा रस्ता पाण्याखाली, दवाखान्यात न्यायची सोय नाही. उजाडलं होतं, एवढंच बरं.

मी सुनेला ओढत समोरच्या पिंजाऱ्याकडे नेलं. तो गाद्या भरतो, त्याचा बापही भरायचा. दुकान उंच ओट्यावर, मागं त्याचं घर. पाणी ओट्याच्या कडेला लागून थांबलं होतं. माळ्यावर एक नवी कोरी गादी दिसली.

"भाऊ, थे खाली काढ. पोरगी गार पडून राहिली."

"भाभी, थे पाटलाच्या घरची हाय. लग्नाची. नवरदेवासाठी भरली."

"मंग नवरदेवाले बोलाव. तो घेईन पोरीले मांडीवर."

कात्री घेऊन त्यानं गादी उभी फाडली. नव्या खोळीच्या कापडात पोरीला गुंडाळलं, टोपलीत चारी बाजूंनी कापूस दाबला, तोंड तेवढं उघडं ठेवलं. त्याच्या बायकोनं सुनेला आपला कोरडा कुर्ता दिला.

दुपारी पाणी उतरलं तशी पाटलीणबाई चिखल तुडवत आली.

"माह्या पोराची गादी कावून फाडली?"

"नवरदेव सतरंजीवर झोपला तं मरत नाही," पिंजारी म्हणाला.

तिनं टोपलीत वाकून पाहिलं. मला वाटलं, आता ही रडते. तर म्हणाली, "असा कोंबतेत का कापूस? हे काय आंब्याची पेटी हाय?" आणि पोरीच्या नाकाजवळचा कापूस स्वतःच मागं सारला.

रस्ता उघडल्यावर नर्सबाई आली. पोर दूध ओढत होती. बाई म्हणाली, हिची ऊब तुटू देऊ नका, ओल्या घरात तर नेऊच नका, अजून भरवसा नाही.

इकडं गावातल्या सगळ्याच गाद्या भिजलेल्या. जो तो आपली गादी पिंजाऱ्याच्या ओट्यावर आणून टाकू लागला. पण कापूस पिंजला की धूळ उडते, ती पोरीच्या छातीत गेली असती. त्यानं दुकान आम्हाला सोडलं आणि पिंजायचं मशीन उचलून शाळेच्या मैदानावर नेलं. वीज नव्हती. पाटलांचा ट्रॅक्टर मळणीयंत्राला जोडतात तसा मशीनला जोडला. खोळी उसवून सगळ्यांचा कापूस उन्हात घातला. एवढ्या मोकळ्या मैदानावर तो घालायला नको होता. वारं सुटलं आणि कोणाचा कापूस कोणात गेला ते देवालाही कळेना.

आम्ही पडलो कापूसवाले. प्रत्येक जण म्हणे, माझ्या शेतातला मी ओळखतो. बाया तर मुठी भरभरून एकमेकींच्या नाकापुढं नाचवत होत्या.

पिंजारी ट्रॅक्टरच्या वर आवाज काढून ओरडला, "ज्याले आपला कापूस ओळखू येते, त्यानं हाक मारा. जो उठून येईन तो तुमचा!"

मी म्हटलं, "भाऊ, माहा कापूस एक नंबर होता."

"भाभी, तुमच्या गादीत कापूस नोताच. तुमच्या लग्नाची धूळ होती."

सगळ्या मैदानानं दात काढले. मीही काढले, होते तेवढे.

मग त्यानं सगळा कापूस एकत्रच पिंजला आणि एकेक खोळ भरत गेला. सगळ्यांत आधी टोपलीच्या मापाची गादी भरली. नातीनं ती लगेच ओली केली. पिंजाऱ्यानं दुसरी भरली, तिचीही तीच गत. माझ्या वाट्याला आलेल्या गादीत सरकी टोचते. ती सरकी पाटलीणबाईच्याच घरची, मला पक्कं माहीत आहे.

घर वाळेपर्यंत आम्ही त्या दुकानातच राहिलो. शेवटी नर्सबाईनं पोरीला तोललं आणि म्हणाली, आता घरी न्या.

शेळी वाहून गेली. नात जगली, तिची आई जगली, मीही जगले.