वडिलांच्या काचेच्या बरण्या

चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी वडील वारले.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ते क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासत. संध्याकाळी हेच काम घरी, पुढच्या खोलीत चाले. शेवटी तोच रोग त्यांना लागला.

तेरावा झाल्यावर मी मोटारीने लातूरला गेलो. तिथले एक डॉक्टर वडिलांची सूक्ष्मदर्शक दुर्बीण आणि काचसामान घेणार होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धुतलं कशानं?" मी अजून काही धुतलं नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, "दुर्बीण स्पिरिटनं पुसा. काच रातभर कार्बोलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा, मग सोडा घालून तासभर उकळा. त्याआधी घरातून काही हलवू नका."

दुसऱ्या दिवशी घरी आलो, तर खोली झाडलेली होती आणि झाकणाच्या दोन बरण्या दिसेनात. रोगी त्यांतच थुंकी आणत. निजामाच्या शाळेत शिकलेल्या वडिलांनी त्यांवर उर्दूत इशारा लिहून चिकटवला होता. आईला फक्त बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचता येई. तिने कागद भिजवून खरवडून काढला आणि बरण्या शेजारच्या मुसलमान मावशींना, आमच्या खालांना, दिल्या.

"राखेनं घासल्या, चिंचेनं घासल्या," आई म्हणाली. "गेलेल्या माणसाचं सामान कुणाच्या तरी कामी यावं."

खालांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता आणि तिला कैरीचे डोहाळे लागले होते. मी चप्पल न घालताच पळालो.

अंगणात खाला कैऱ्या चिरत होत्या. मी नुसतं विचारलं, "बरण्या?"

त्यांनी सुरीने वर छपराकडे दाखवलं. दोन्ही बरण्या उन्हात पालथ्या होत्या.

"भरल्या नाहीत?"

"तीन दिवस ऊन न्हाई दिलं तर लोणच्याला बुरशी येती, बेटा. इतकी बुकं वाचलास, येवढं ठावं न्हाई?"

"मला तर हातबी लावू देत न्हाई अम्मा," मुलगी आतून म्हणाली. "कैरीसाठी जीव चाललाय माझा."

मी पायरीवर बसलो. बरण्यांत काय असायचं ते सांगितलं. खाला उठल्या, साबणाने दोनदा हात धुतले आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईबद्दल वाकडा शब्द काढला नाही. "उसको मत बोल," एवढंच म्हणाल्या.

बरण्या मी फडक्यात धरून आणल्या. डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं. उकळताना तास मोजायला वडिलांचंच घड्याळ समोर ठेवलं होतं. पाणी खळखळत होतं आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. दुःखाचं कमी होतं, सुटकेचं जास्त. खालांना मी बाजारातून चिनीमातीची बरणी आणून दिली. त्या दोन बरण्यांसकट सगळं सामान लातूरला गेलं. सोबत काय काय केलं ते लिहून दिलं.

आषाढात खालांच्या मुलीला मुलगी झाली. त्या घरात क्षय कुणाला झाला नाही.

पुढच्या खोलीत आता माझी पुस्तकं आहेत.