गॅस संपेपर्यंत कॉफी

कुणाच्याही घरी गेले की आमचे मिथेनराव आधी स्वयंपाकघरात शिरत, नमस्कार-चमत्कार मागाहून. सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावायचे, बुडबुडा येत नाही ना ते बघायचे आणि मगच खुर्चीवर टेकायचे. सांगलीहून आम्ही म्हैसूरला बोगादीत राहायला आलो तेव्हा हे पाहून माझी बायको हबकलीच. पुढे तीच त्यांच्यासाठी साबण काढून ठेवू लागली.

खरं आडनाव शिंदे. घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचं, त्यामुळे मराठीत कन्नड पुरतं मुरलेलं. नोकरी सारी नंजनगूडच्या एका कारखान्यात, मिथेनॉलपासून फॉर्मल्डिहाइड करण्याची. प्लायवूड चिकटवायला ते लागतं. त्या वाफांनी त्यांच्या डोळ्यांना जन्मभर पाणी आणलं, पण माया काही कमी झाली नाही. एका कार्बनचं ते सगळं कुळ सोयऱ्यांची ओळख करून द्यावी तसं सांगत. "नोडी, हे बघा, मिथेन म्हणजे घरातला गप्प माणूस. वास नाही, रंग नाही. कोंडलात तर भिंत घेऊन बाहेर पडेल. त्याचा मुलगा मिथेनॉल, उन्हात पेटला तर ज्वाळाही दिसायची नाही. नातू फॉर्मल्डिहाइड, आला की सगळ्यांना रडवतो. आणि फॉर्मिक आम्ल? त्याची ओळख मुंगीनं करून दिलीच असेल!"

निवृत्तीनंतर त्यांनी परसात बायोगॅसची टाकी बसवली. भाजीची देठं, शिळा भात, शेण घालायचं आणि शेगडीवर निळी ज्वाळा. त्यांचा नेम एकच: "मिथेन जाळावा, मोकळा सोडू नये. सोडला तर आभाळ तापवतो." एकदा मात्र हाव झाली. युगादीला, म्हणजे पाडव्याला, गल्लीभरच्या कैरीच्या साली, लिंबं, उरलेलं चित्रान्न, सगळं एकदम ओतलं. टाकी आंबली, ज्वाळा गेली. "कारखान्यात केलं असतंत का हो असं?" त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, विचारलं. "तिथं ओरडायला मॅनेजर होता," हे म्हणाले, "इथं तू सुम्ने, गप्प बघत बसलीस!" मग आजाऱ्याला पेज भरवावी तसं टाकीला थोडं थोडं शेण. पुन्हा पेटली तेव्हा स्वारी आठवडाभर शीळ घालत होती.

पुढे बेंगळुरूच्या लेकीला दिवस गेले. काकूंचा जीव तिकडे लागलेला, पण हे हलेनात. लेकीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात टाकी कुठे ठेवणार? रोज नवी सबब. काकू माझ्या बायकोजवळ रडल्या. शेवटी मीच म्हणालो, "काका, टाकी आमच्या परसात आणू. मी सांभाळतो." ते आमच्या परसात जाऊन ऊन कुठे पडतं ते बघून आले. मग म्हणाले, "आय्तु. ठरलं."

टाकी हलवायची तर आतला गॅस संपवायला हवा. झडप उघडली असती तर काम झालं असतं, पण मग ते मिथेनराव कसले! निघायच्या दिवशी सामान टॅक्सीत, काकू टॅक्सीत, आणि हे आत कॉफीवर कॉफी करताहेत. शेजाऱ्यांना, टपालवाल्याला, टॅक्सीवाल्याला. मी नको नको म्हणत होतो आणि पेला भरला जात होता. "अहो, पोरगी वाट बघतेय!" काकू खिडकीतून ओरडल्या. "स्वल्प थांब गं, संपतोय."

ज्वाळा आकसत गेली आणि विझली. ते शेगडीकडे बघत उभे राहिले. शेवटचं दूध धड तापलंही नव्हतं. त्याचीच कॉफी घेऊन ते टॅक्सीपाशी गेले. कडकडीत नसेल तर पेला परत पाठवणाऱ्या काकूंनी एक घोट घेतला.

"गरम आहे हं चांगली," त्या म्हणाल्या, आणि शेजारची पिशवी मांडीवर घेऊन त्यांना बसायला जागा केली.